जॅझ पियानोची जुनी ध्वनिमुद्रणं: कुठली आवृत्ती घ्यायची, कशी तपासायची, कशी ऐकायची

१७ आणि १८ जुलै १९२३ या दोन दिवसांत जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनने इंडियाना राज्यातल्या रिचमंडमध्ये, जेनेट कंपनीच्या स्टुडिओत, सहा पियानो सोलो मुद्रित केले. ‘किंग पोर्टर स्टॉम्प’, ‘द पर्ल्स’, ‘ग्रँडपाज स्पेल्स’ हे त्यातलेच. वादन एकच, पण आज ते ढीगभर एलपी, सीडी आणि स्ट्रीमिंग अल्बमांवर सापडतं आणि दोन ठिकाणी सहसा सारखं वाजत नाही. एकीकडे पियानो पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा, दुसरीकडे अर्धा स्वर चढलेला, तिसरीकडे खरखर गायब आणि तिच्यासोबत सुरांची शेपटंही गायब. म्हणून या संगीताचा संग्रह करताना ‘कोणाचं घ्यायचं’ याच्याइतकंच ‘कुठल्या तबकडीवरून, कोणी उतरवलेलं (म्हणजे नव्या माध्यमात घेतलेलं) घ्यायचं’ हे बघावं लागतं.

आधी माध्यम ओळखा

१९२५च्या आधीचं मुद्रण भोंग्याचं. मायक्रोफोन नाही. वादकासमोर भोंगा, भोंग्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई, आणि ती सुई मेणाच्या जाड तबकडीवर थेट खाच कोरायची. या यंत्रणेत साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा नीट उतरायचा. पियानोचा मधला सी २६२ हर्ट्झचा आहे. म्हणजे डाव्या हाताचं बहुतेक काम या पट्ट्याच्या खाली जातं. आपल्याला ऐकू येतात ते खर्जातल्या सुरांचे वरचे उपस्वर. मूळ सूर कान स्वतःच भरून काढतो. १९२३चा मॉर्टन ऐकताना डावा हात लुळा वाटला तर तो दोष भोंग्याचा आहे, हाताचा नव्हे. बेस वाढवून तो परत येत नाही, टर्नटेबलची घरघर तेवढी वाढते.

१९२५मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची मायक्रोफोनवाली पद्धत घेतली. पट्टा वर-खाली दोन्हीकडे रुंदावला, साधारण १०० ते ५००० हर्ट्झपर्यंत, आणि पियानोला पहिल्यांदा पोट आलं. पण सगळ्या कंपन्या एका दिवसात बदलल्या नाहीत. ब्रन्सविकने ‘लाइट-रे’ नावाची वेगळीच पद्धत वापरली आणि तिचे निकाल लहरी होते. छोट्या कंपन्यांकडे भोंगा आणखी वर्ष-दोन वर्षं टिकला. त्यामुळे नुसत्या सालावर जाऊ नका. व्हिक्टरच्या बाबतीत खूण सोपी आहे: मॅट्रिक्स क्रमांकाआधी (स्टुडिओत त्या मुद्रणाला दिलेल्या आकड्याआधी) ‘बीव्हीई’ असेल तर ते दहा इंची इलेक्ट्रिकल मुद्रण, नुसतं ‘बी’ असेल तर भोंग्याचं.

तिसरं माध्यम म्हणजे पियानो रोल, आणि नवखा माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथेच. रोल म्हणजे भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी. तिच्यात आवाज नसतो, कुठली पट्टी केव्हा दाबायची एवढंच असतं. अशी गुंडाळी आज चांगल्या पियानोवर चालवून स्टीरिओत मुद्रित केली की ‘१९२४चा मॉर्टन, हाय-फाय आवाजात’ असं लेबल लावता येतं. साल खरं असतं, पण स्पर्श वादकाचा नसतो. साध्या रोलमध्ये जोर-हळू नोंदलेलं नसतं (ॲम्पिको, ड्युओ-आर्ट यांसारख्या खास यंत्रणांत काही प्रमाणात असतं), आणि कारखान्यातले संपादक चुकीची भोकं बुजवून वर नवी भोकंही पाडत. दोन हातांच्या दहा बोटांना न जमणारे सूर एकाच वेळी ऐकू आले, सगळे सूर सारख्याच जोराने पडत असले आणि १९२० सालचं असूनही खरखर अजिबात नसली, तर तो रोल आहे असं खुशाल समजा. रॅगटाइमचा (जॅझच्या आधीच्या पियानो संगीताचा) रचनाकार स्कॉट जॉप्लिन १९१७मध्ये वारला आणि तबकडीवर त्याचं एकही वादन नाही. ‘जॉप्लिन स्वतः वाजवतोय’ म्हणून जे मिळतं ते १९१६च्या रोलवरून घेतलेलं असतं.

रोल टाळायलाच हवेत असं मात्र नाही. जेम्स पी. जॉन्सनच्या ‘कॅरोलायना शाउट’च्या रोलवरूनच ड्यूक एलिंग्टन आणि फॅट्स वॉलर तो तुकडा शिकले. यंत्र सावकाश चालवायचं आणि आपोआप दबणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवायची, अशी ती शिकवणी. रोल विकत घेताना किंवा ऐकताना वेग तेवढा तपासा. रोलवर ७० छापलेलं असेल तर कागद मिनिटाला ७ फूट सरकला पाहिजे. तोच ८०वर चालवला तर वादन १४ टक्के घाईत जातं, आणि सुराची उंची बदलत नसल्यामुळे ही चूक सुरावरून पकडता येत नाही.

काय जमवायचं

सुरुवातीची शिदोरी मोठी लागत नाही. मॉर्टनची जेनेटवरची १९२३ आणि १९२४ची सोलो वादनं आधी घ्या. माइलस्टोनच्या ‘१९२३/२४’ नावाच्या अल्बममध्ये ती एकत्र मिळतात. त्यानंतर १९३८ची लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली मुद्रणं: वॉशिंग्टनच्या कूलिज ऑडिटोरियममध्ये लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्स प्रश्न विचारतोय आणि मॉर्टन वाजवत-वाजवत न्यू ऑर्लीन्सची हकिकत सांगतोय. याची राउंडर कंपनीची २००५ची आठ सीडींची पेटीच घ्या. आधीच्या आवृत्त्यांत वेग चुकलेले आहेत आणि बोलणं किंवा अश्लील गाणी कापलेली आहेत. नव्या पेटीत वेग दुरुस्त केले आहेत आणि गप्पा सलग आहेत.

जॉन्सनसाठी १९२१ची ओकेहवरची ‘कॅरोलायना शाउट’ आणि ‘कीप ऑफ द ग्रास’, १९२७ची कोलंबियावरची ‘स्नोई मॉर्निंग ब्लूज’ आणि १९३०ची ‘यू हॅव गॉट टू बी मॉडर्निस्टिक’ एवढी हाताशी असली की भोंग्यापासून मायक्रोफोनपर्यंतचा प्रवास एकाच वादकात दिसतो. वॉलरच्या बाबतीत एक धोका आहे. त्याच्या नावाच्या मोठमोठ्या पेट्यांत ‘हिज रिदम’ या बँडसोबतची गाणी भरलेली असतात; ती मजेदार आहेत, पण पियानो तिथे पाहुण्यासारखा येतो. तुम्हाला हवीत १९२९ची व्हिक्टरवरची सोलो वादनं (‘हँडफुल ऑफ कीज’, ‘नम्ब फम्ब्लिन’, ‘व्हॅलेंटाइन स्टॉम्प’) आणि नोव्हेंबर १९३४ची चार: ‘व्हायपर्स ड्रॅग’, ‘ॲलिगेटर क्रॉल’, ‘आफ्रिकन रिपल्स’, ‘क्लोद्ज लाइन बॅले’. पेटीच्या पाठीवर ‘सोलो’ हा शब्द शोधा.

अर्ल हाइन्सचा डिसेंबर १९२८ हा एकच महिना पुरेसा आहे. क्यूआरएससाठी आठ सोलो, ओकेहसाठी आणखी काही, आणि लुई आर्मस्ट्राँगबरोबरचं ‘वेदर बर्ड’. विली ‘द लायन’ स्मिथची जानेवारी १९३९ची कमोडोरवरची वादनं, आर्ट टेटमची मार्च १९३३ची ब्रन्सविकवरची पहिली चार, मेरी लू विल्यम्सची १९३०ची ‘नाइट लाइफ’ आणि ‘ड्रॅग एम’, बिक्स बायडरबेकने कॉर्नेट हे आपलं ट्रम्पेटसारखं वाद्य बाजूला ठेवून १९२७मध्ये वाजवलेलं ‘इन अ मिस्ट’ ही पुढची पायरी. बूगी-वूगीकडे (डाव्या हाताच्या सतत फिरणाऱ्या ठेक्यावरच्या ब्लूज पियानोकडे) वळायचं असेल तर मीड लक्स लुइसचं १९२७चं ‘हाँकी टाँक ट्रेन ब्लूज’ पॅरामाउंटवर आहे, आणि पॅरामाउंटच्या तबकड्या ज्या लाखेच्या असत ती लाख इतकी भरड की पहिल्यांदा ऐकताना पाऊस पडतोय असंच वाटतं. त्याच लुइसने पुढे हाच तुकडा अनेकदा मुद्रित केला. आधी १९३७चा व्हिक्टरवरचा ऐका, मग १९२७चा. उलट क्रमाने गेलात तर १९२७चा तुकडा खरखरीपायी अर्ध्यावर बंद कराल.

कंपनीचं नाव काय सांगतं

मूळ धातूचे साचे कोणाचे उरले यावर बरंच ठरतं. व्हिक्टरचे बरेच साचे टिकले, त्यामुळे त्यांवरून नव्याने दाबलेल्या प्रती काढून अगदी शांत आवाज मिळवता येतो. जेनेट आणि पॅरामाउंट यांचे साचे जवळजवळ सगळे गेले. त्यांची प्रत्येक पुनर्प्रकाशित आवृत्ती ही कुणा संग्राहकाच्या वापरलेल्या, अनेक सुयांनी खरवडलेल्या लाखेच्या तबकडीवरून केलेली असते. तेव्हा ‘मूळ मास्टरवरून’ असं जेनेटच्या एखाद्या सीडीवर छापलेलं दिसलं तर विश्वास ठेवू नका.

फ्रान्सच्या ‘क्लासिक्स’ मालिकेत प्रत्येक वादक सालवार सलग मिळतो. क्रम समजून घ्यायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही. पण पर्यायी टेक (तीच रचना पुन्हा वाजवून केलेली मुद्रणं) तिने जवळजवळ सगळे वगळलेत, आणि आवाज एका ट्रॅकवर उत्तम तर पुढच्यावर चहाच्या गाळणीतून आल्यासारखा. ‘डॉक्युमेंट’चा भर सगळं मिळवून छापण्यावर, दुर्मीळ बूगी आणि ब्लूज पियानोला पर्याय नाही, आवाजाची अपेक्षा कमी ठेवा. ‘मोझेक’च्या पेट्या मोजक्या प्रतींच्या असतात, संपल्या की वापरलेल्याच शोधाव्या लागतात, त्यांची ॲल्बर्ट ॲमन्स आणि मीड लक्स लुइस यांची ब्लू नोट पेटी या विषयातली जवळजवळ पायाभूत वस्तू आहे.

कंपनीपेक्षाही तंत्रज्ञाचं नाव शोधा. जॉन आर. टी. डेव्हिस हे नाव जेएसपी, हेप, रिट्रिव्हल, टाइमलेस, फ्रॉग यांपैकी कुठल्याही सीडीच्या पुस्तिकेत दिसलं तर डोळे मिटून घ्यायला हरकत नाही. संगणक येण्याआधी हे गृहस्थ चुंबकीय टेपवर एकेक टिचकी (तबकडीवरच्या ओरखड्याचा टक् असा आवाज) शोधून तिथला लेप पात्याने अलगद खरवडून काढत. टिचकी जायची, सूर तसाच राहायचा. ज्या सीडीवर उतरवणाऱ्याचं नावच नाही आणि मूळ मुद्रणाच्या तारखाही नाहीत, ती स्वस्त असली तरी सोडून द्या. बहुधा ती दुसऱ्याच्या सीडीची नक्कल असते. पडताळायचं असेल तर एखादी मोठी टिचकी हेरा, समजा ४७व्या सेकंदाला. दोन आवृत्त्यांत तीच टिचकी तशीच असेल तर दोन्हींचा उगम बहुधा एक आहे. ‘बहुधा’ अशासाठी, की कधीकधी खोट साच्यातच असते आणि मग त्या साच्याच्या प्रत्येक तबकडीवर तीच टिचकी येते. तीन-चार किरकोळ टिचक्याही जुळल्या तर मात्र शंका उरत नाही.

मॅट्रिक्स आणि टेक

नावांवर विसंबलात की एकच वस्तू तीनदा विकत घ्याल. मॉर्टनचं ‘न्यू ऑर्लीन्स जॉइज’ आणि ‘न्यू ऑर्लीन्स ब्लूज’ ही एकच रचना. हाइन्सचं ‘कॉशन ब्लूज’ म्हणजे ‘ब्लूज इन थर्ड्स’, पण ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांसाठी केलेली वेगळी वादनं आहेत. म्हणजे नाव वेगळं आणि रचना एक, किंवा नाव एक आणि वादन वेगळं, दोन्ही होतं. या गोंधळातून सोडवतो तो मॅट्रिक्स क्रमांक: त्या मेणाच्या तबकडीला स्टुडिओत दिलेला आकडा, आणि त्यामागे टेकचा आकडा किंवा अक्षर. मॅट्रिक्स आणि टेक दोन्ही जुळले तर वादन तेच. टेक वेगळा असेल तर बहुधा त्याच दिवशी, त्याच पियानोवर, पण पुन्हा वाजवलेलं. जॅझमध्ये हा फरक सोन्यासारखा, कारण काय ठरवून बसवलेलं होतं आणि काय त्या क्षणी सुचलं ते दोन टेक शेजारी ठेवले की उघड होतं.

हे आकडे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने चालवलेल्या अमेरिकन ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांच्या सूचीत फुकट शोधता येतात. छापील हवी असेल तर ब्रायन रस्ट यांची जॅझ डिस्कोग्राफी (ध्वनिमुद्रणांची सूची) १९४२पर्यंतचं सगळं देते. स्ट्रीमिंगवरच्या सालांवर मात्र कधीही विसंबू नका. तिथे दिसतं ते संकलन बाजारात आल्याचं साल, त्यामुळे १९२३चा मॉर्टन ‘२०१२’ या लेबलखाली बसलेला असतो.

इंटरनेटवर मुक्तपणे उतरवून घेण्याबद्दल एवढं लक्षात ठेवा: अमेरिकेत २०१८च्या कायद्यानुसार १९२३च्या आधी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ला खुली झाली, १९२३ची २०२४च्या सुरुवातीला, १९२४ची २०२५च्या, आणि १९४६पर्यंतची अशीच दरवर्षी एकेक साल पुढे सरकत खुली होतात. इतर देशांचे नियम वेगळे आहेत.

उतरवणं तपासायच्या चाचण्या

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, पट्टीची. ७८ आरपीएम हे नावालाच. भोंग्याच्या काळात वेग ७५च्या आसपासपासून ८०च्या वरपर्यंत काहीही असे. कोलंबियाच्या जुन्या तबकड्या ८०वर चालवायच्या असतात. ८०ची तबकडी ७८वर चालवली तर सूर ४४ सेंट उतरतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), म्हणजे जवळजवळ अर्धा अर्धस्वर. पियानो हे अशा तपासणीसाठी उत्तम वाद्य, कारण तो मधल्या सुरात वाजूच शकत नाही.

रचनेची मूळ पट्टी माहीत करून घ्या. ‘कॅरोलायना शाउट’ जी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी पाच. ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ काळी चारमध्ये सुरू होऊन काळी एकवर जातो. ‘हँडफुल ऑफ कीज’ एफमध्ये, म्हणजे पांढरी चार. फोनवरचा ट्यूनर लावून एखादा लांबलेला सूर मोजा. २०-३० सेंटचा फरक सोडून द्या. तेव्हाचे पियानो काटेकोर ४४० हर्ट्झच्या प्रमाण ‘ए’ला लावलेले नसत. फरक ४०-५०च्या घरात गेला की वेगावर संशय घ्या. पूर्ण अर्धस्वर चुकला असेल तर तीन मिनिटांच्या बाजूत दहा सेकंदांचा फरक पडतो, तोही पडताळायला उपयोगी.

आता खरी युक्ती. एकाच दिवशी, एकाच स्टुडिओत मुद्रित झालेल्या सगळ्या बाजूंचे फरक एका ओळीत लिहा. पियानो तोच, त्याचं लावणं तेच, म्हणून सगळ्यांचा फरक सारखाच यायला हवा. समजा पाच बाजू ट्यूनरपेक्षा १५ ते २० सेंट खाली आल्या आणि सहावी ३० सेंट वर आली. पाच बाजूंना हात लावू नका, पियानोच तसा होता. सहावी मात्र वेगात चुकली आहे आणि ती उरलेल्या पाचांशी जुळवायची, ट्यूनरच्या शून्याशी नव्हे. ४७-४८ सेंट खाली आणायचं म्हणजे वेग सुमारे २.७ टक्के कमी. ऑडॅसिटी या ध्वनी संपादनाच्या प्रोग्राममध्ये हे करताना वेग आणि पट्टी एकत्र बदलणारी आज्ञा वापरा; नुसती पट्टी बदलणारी वापरलीत तर लय चुकीचीच राहते आणि वर सुरांच्या कडा भुरभुरतात.

दुसरी चाचणी डगमगीची. तबकडीचं भोक मध्यापासून १ मिलिमीटर जरी सरकलेलं असेल, तर ६ सेंटिमीटर त्रिज्येवर, म्हणजे बाजूच्या शेवटाकडे, वेग वर-खाली १.७ टक्के हलतो. सूर दोन्हीकडे २९ सेंट झुलतो, दर पाऊण सेकंदाला एकदा. सुरुवातीला, १२ सेंटिमीटरवर, हेच झुलणं निम्मं असतं, म्हणून लक्षात येत नाही. ट्रम्पेटवर ते कंपनासारखं खपून जातं, पियानोवर मात्र मळमळतं. तेव्हा नमुना ऐकताना पहिली तीस सेकंदं ऐकून निर्णय घेऊ नका, शेवटची तीस ऐका. चांगला तंत्रज्ञ तबकडी हाताने सरकवून मध्यावर आणतो. ज्याने आणली नाही त्याने बाकीचंही घाईतच उरकलेलं असतं.

तिसरी, खरखर काढण्याची. यासाठी जोरकस भाग निरुपयोगी आहे. सूर विरत जातो ती जागा पकडा, म्हणजे तुकड्याचा शेवटचा स्वरसमूह. चांगल्या उतरवण्यात सूर खरखरीत हळूहळू बुडतो. वाईट उतरवण्यात तो एकदम कापला जातो, किंवा त्याच्याभोवती पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडे ऐकू येतात. दुसरी जागा पट्ट्या पडतानाची: हातोडीचा ठोका बोथट झाला असेल तर टिचक्या काढणाऱ्या प्रोग्रामने सुराची सुरुवातच टिचकी समजून खाल्ली आहे. अशा वेळी स्ट्राइड वादन (डावा हात खर्ज आणि स्वरसमूह यांत उड्या मारतो ते) ऐकायलाच नको, कारण त्याचा सगळा जीव त्या ठोक्यात असतो. खरखरीची सवय दहा मिनिटांत होते, खाल्लेल्या सुरांची होत नाही.

चौथी, खोट्या स्टीरिओची. १९६०च्या दशकातल्या काही एलपींवर ‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड’ असं लिहिलेलं असतं. एका बाजूला खर्ज, दुसरीकडे तार, वर थोडा विलंब किंवा प्रतिध्वनी. दोन्ही वाहिन्या एकत्र करून हे सुटत नाही, विलंबामुळे आवाज पोकळ होतो. एकच वाहिनी निवडून तीच दोन्हीकडे पाठवा. अस्सल मोनो एलपीला मात्र उलट: स्टीरिओ काट्यावर वाजवत असाल तर मोनोचं बटण दाबा. खाचेतली उभी खरखर दोन वाहिन्यांत विरुद्ध दिशेने येते आणि बेरजेत बरीचशी मावळते.

वापरलेल्या सीडी घेताना चकती उजेडात तिरकी धरा. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात दाबलेल्या काही चकत्या कडेपासून तांबूस होत जातात आणि हळूहळू वाचेनाशा होतात. आतल्या कड्यावर ‘मेड इन यूके बाय पीडीओ’ दिसलं आणि रंग अजून चंदेरी असेल तर घ्या, पण त्याच दिवशी संगणकावर उतरवून ठेवा.

ऐकण्याची तयारी

मोनो मुद्रण एकाच स्पीकरवर ऐकून बघा. खरखर एका जागी आणि पियानोही त्याच जागी राहिला की मन दोन्हींना चटकन वेगळं करतं. हेडफोनवर खरखर डोक्याच्या मधोमध बसते, म्हणून टेक तपासायला हेडफोन आणि आनंदाला स्पीकर. भोंग्याच्या मुद्रणाला १०० हर्ट्झच्या खाली आणि ५००० हर्ट्झच्या वर संगीत नसतंच; तिथे दोन्हीकडून सौम्य उताराची कात्री लावली तर काहीही हरवत नाही. १९३०च्या दशकातल्या मुद्रणांना मात्र वरून कापू नका, ठोक्याची धार तिथेच असते.

मग एक रचना घ्या आणि तिच्यासोबत आठवडा काढा. ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ यासाठी नेमलेलाच आहे. मॉर्टनने तो जुलै १९२३मध्ये भोंग्यासमोर एकट्याने वाजवला, डिसेंबर १९२४मध्ये किंग ऑलिव्हरच्या कॉर्नेटसोबत, एप्रिल १९२६मध्ये व्होकॅलिअनसाठी पुन्हा एकट्याने, १९३८मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी आणि डिसेंबर १९३९मध्ये जनरल या लेबलसाठी. सोळा वर्षांत आवाजाची यंत्रं पार बदलली. पहिल्यांदा फक्त डावा हात ऐका: १९२३मध्ये जे नुसतं टकटक वाटतं तेच १९३९मध्ये बँडमधल्या ट्रॉम्बोनसारखं खालून वर सरकणारं वाक्य निघतं. ते कळल्यावर १९२३कडे परत या. आता तिथेही ते ऐकू येईल, कारण कुठे बघायचं ते कानाला समजलेलं असतं. दुसऱ्यांदा ऐकताना भाग मोजा. रॅगटाइमच्या घराण्यातल्या या रचना सोळा-सोळा मात्रागटांच्या (बारच्या) कप्प्यांत बांधलेल्या असतात, आणि दहा इंची तबकडीच्या तीन मिनिटांत किती कप्पे बसवायचे हे वादकाला आधीच ठरवावं लागे. शेवटचा कप्पा दुप्पट जोराने येतो तो केवळ उत्साहाने नव्हे. बाजू संपत आली आहे हे त्याला माहीत असतं.

‘कॅरोलायना शाउट’मध्ये पहिला कप्पा बोटाने मोजत ऐका. स्ट्राइडचा नेहमीचा ठेका म्हणजे एक-तीनवर खर्ज, दोन-चारवर स्वरसमूह. जॉन्सन इथे तो मोडून डाव्या हाताचे आठ ठोके तीन-तीन-दोन असे वाटतो आणि उजवा हात जणू काही झालंच नाही असा पुढे जातो. बोटाने सरळ ठेका धरलात तर नेमकं कुठे पाय घसरतो ते लगेच कळतं. हाइन्स आणखी पुढे जातो. तो डावा हात मधूनच सोडूनच देतो, दोन-तीन मात्रागट जमीन नाहीशी होते, उजवा हात ट्रम्पेटसारखी अष्टकं फेकत राहतो, आणि मग ठेका बरोबर समेवर परत येतो. ही जागा ओकेहच्या ‘फिफ्टी-सेव्हन व्हरायटीज’मध्ये सापडते. टाळी देऊन ऐकल्याशिवाय तिची मजा कळत नाही.

नोंदवही

स्प्रेडशीटमध्ये रकाने एवढे ठेवा: वादक, रचना, तिची दुसरी नावं, मुद्रणाची तारीख आणि गाव, मूळ कंपनी, मॅट्रिक्स, टेक, पुनर्प्रकाशन आणि त्याचा क्रमांक, उतरवणारा, लांबी, पट्टी, ट्यूनरपासूनचा फरक, शेरा. शेऱ्यात दोन शब्द पुरतात: ‘शेवटी झुलतं’, ‘सूर कापलेले’, ‘उत्तम’. क्रमवारी मॅट्रिक्सने लावली की दुहेरी खरेदी आपोआप उघडी पडते.

संगणकावर एफएलएकमध्ये (आवाजाची गुणवत्ता न घटवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात) साठवा, सीडीसाठी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ पुरेसं आहे. फाइलच्या नावाची सुरुवात तारखेने करा, १९२३-०७-१७ या पद्धतीने, म्हणजे आपोआप कालक्रम लागतो. मॅट्रिक्स आणि टेक शेऱ्याच्या टॅगमध्ये. वेग दुरुस्त केलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, किती टक्के बदलला ते नावातच लिहा आणि मूळ फाइलला हात लावू नका. चांगली आवृत्ती मिळाली म्हणून जुनी लगेच पुसूही नका. आधी दोन्हींची सुरुवात आणि शेवट जुळवून बघा. स्वच्छ आवृत्ती काढताना पहिला सूर किंवा शेवटचा विरता स्वरसमूह कापला गेलेला असणं नेहमीचं आहे, आणि मग तेवढे दोन सेकंद जुन्या, खरखरीच्या प्रतीवरच उरतात.